परसातला सुरण: बेण्यापासून कापांपर्यंत

बाजारातून आणलेला सुरण चिरण्याआधी त्याचा माथा नीट बघा. मधल्या खोलगट भागात गुलाबीसर टोकाचा कोंब दिसत असेल, तर तो गड्डा लावण्याजोगा आहे. अर्ध्या किलोच्या तुकड्यापासून आठ-नऊ महिन्यांत दोन ते अडीच किलोचा सुरण निघतो. मांडव नको, रोजचं पाणी नको, दर आठवड्याची फवारणी नको. नारळाच्या किंवा आंब्याच्या विरळ सावलीत, जिथे वांगी-टोमॅटो नीट होत नाहीत, तिथेही तो येतो.

त्याच्या दोनच अटी आहेत. मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, आणि शिजवताना आंबट विसरायचं नाही. पहिली मोडली तर गड्डा सडतो, दुसरी मोडली तर घसा खवखवतो. बाकी सगळा प्रश्न धीराचा आहे, कारण सुरण वर्षातले चार-पाच महिने जमिनीत किंवा फडताळावर मेल्यासारखा पडून असतो आणि नवखी माणसं नेमकी तेव्हाच त्याला उकरून बघतात.

कोणता सुरण लावायचा

सुरण अळूच्या कुळातला. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस पेओनीफोलियस. आपल्याकडे ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. गावठी सुरण बाहेरून खडबडीत, बगलेला छोटे गड्डे फुटलेला, आतून बहुधा लालसर आणि चांगलाच खाजरा असतो. दुसरा सुधारित वाणांचा: गुळगुळीत, एकसंध, कमी खाजणारा. आंध्र प्रदेशातल्या कोव्वूरचा 'गजेंद्र' आणि तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदवर्गीय पीक संशोधन संस्थेचा 'श्री पद्मा' हे त्यातले दोन चांगले वाण. बाजारात जो मोठा, गोल, बिनगाठीचा सुरण दिसतो, तो पुष्कळदा गजेंद्रच असतो.

पहिल्या वर्षी गजेंद्रच लावा. हात कमी खाजतात, स्वयंपाकात धाक राहत नाही आणि एका हंगामात खाण्याजोगा गड्डा मिळतो. गावठी सुरणाची चव जास्त भरीव असते, हे खरं. पण त्याचे बगलेचे छोटे गड्डे लावून मोठा सुरण करायचा, तर जुन्या पद्धतीप्रमाणे तीन-चार वर्षं तेच गड्डे काढायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा लावायचे, असं चालतं. तो सराव दुसऱ्या वर्षापासून सुरू करावा, शेजारी एक-दोन खड्डे राखून.

रानातला सुरण उकरून आणू नका. त्याची खाज घरच्या चिंच-आमसुलाला आवरत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाच्या सुरुवातीला मिळणारं शेवळ हे सुरणाचं चुलत भावंड. ते खाणारी माणसं त्यात काकड या रानझाडाची आंबट फळं घातल्याशिवाय ते चुलीवर चढवत नाहीत. त्या भाजीचं शिक्षण वेगळं आहे आणि ते माहीतगाराच्या शेजारी बसूनच घ्यावं.

बेणं तयार करणं

मार्च-एप्रिलमध्ये बेणं निवडा. गड्डा हाताला टणक आणि वजनदार लागायला हवा. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडत असेल, बुरशीचा पांढरा थर असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर तो घेऊ नका. कोंब शाबूत आहे का, हे सगळ्यात आधी बघा. दुकानदार पुष्कळदा माथा तासून गड्डा स्वच्छ करतात. तसा सुरण खायला ठीक, पण लावायला बिनभरवशाचा.

पाऊण ते एक किलोचा अख्खा गड्डा मिळाला तर तो न कापता लावणं सगळ्यात सुरक्षित. मोठाच गड्डा असेल तर त्याचे तुकडे करावे लागतात, आणि इथे पहिली चूक होते. बटाट्याला सगळीकडे डोळे असतात, सुरणाचा मुख्य कोंब एकच, माथ्याच्या मध्यावर. म्हणून वरून खाली, केकसारखे, उभे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्याला त्या कोंबाभोवतीच्या कड्याचा थोडा तरी भाग आला पाहिजे. दोन किलोच्या गड्ड्याचे चार तुकडे होतात. ५०० ग्रॅमपेक्षा लहान तुकडा लावलात तर तो उगवतो, पण निघणारा सुरणही लहानच निघतो. साधारण लावलेल्याच्या चौपट, हा हिशोब मनात ठेवा.

कापलेली बाजू उघडी ठेवून लगेच लावली तर ती सडते. ताज्या शेणाची धिरड्याच्या पिठाएवढी दाट रबडी करा, त्यात एक किलो बेण्याला ५ ग्रॅम या मापाने ट्रायकोडर्मा (सड आणणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा, तुकडे त्यात बुडवून काढा आणि सावलीत एक-दोन दिवस सुकू द्या. कापलेल्या बाजूवर कोरडी खपली धरली की ते तयार. ट्रायकोडर्मा मिळालं नाही तर शेणकाल्यात बुडवून वर चाळलेली लाकडाची राख चोळा. उन्हात सुकवू नका, उन्हाने कोंब पोळतो.

खड्डा आणि माती

एका सुरणाला ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल खड्डा लागतो. दोन खड्ड्यांच्या मध्यांत ९० सेंटिमीटर अंतर ठेवा. हे अंतर सुरुवातीला फार वाटतं. ऑगस्टमध्ये एकेका पानाची छत्री मीटरभर पसरली की कमी वाटू लागतं.

खड्डा एप्रिलच्या सुरुवातीला घेऊन पंधरा दिवस उन्हात तापू द्या. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवा. भरताना वरच्या मातीत २ ते ३ किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळून तीच खड्ड्यात घाला. अर्धवट कुजलेलं शेण घातलंत तर हुमणी आणि सड ही दोन्ही दुखणी विकत घेतलीत म्हणून समजा.

कोकणात जांभ्याच्या मातीत निचरा आपोआप होतो, तिथे अडचण वरून कोसळणाऱ्या पावसाची असते. खड्डा भरून झाल्यावर मातीचा उंचवटा जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर वर राहील असा करा, म्हणजे पाणी बाजूने वाहून जाईल. देशावरच्या काळ्या मातीत खड्डा म्हणजे पाण्याचा हौद. तिथे खड्ड्याऐवजी ३० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करा आणि मातीत एक तृतीयांश वाळू किंवा भाताचं तूस मिसळा. एक सोपी परीक्षा आहे: खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. तासाभरात जिरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी असेल, तर जागा बदला.

गच्चीवर लावायचा असेल तर किमान ५० लिटर माती मावेल असं भांडं हवं. पन्नास किलोची मोठी गोणी किंवा अर्धा कापलेला ड्रम, तळाला बोटाएवढी आठ-दहा भोकं. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. गोणी सुरुवातीला निम्मीच भरा, वरची कड गुंडाळून ठेवा. का ते पुढे कळेल.

लागवड आणि वाट पाहणं

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परसात आळी करायची जुनी रीत आहे. सुरणालाही तोच काळ मानवतो, एप्रिलच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत. पाऊस लागल्यावर कापलेलं बेणं लावणं धोक्याचं, ओल्या मातीत ते रुजण्याआधी सडतं. जूनमध्येच लावायची वेळ आली तर अख्खा गड्डा लावा.

बेणं कोंब वर करून ठेवा आणि त्यावर पाच ते सात सेंटिमीटर माती येईल एवढंच झाका. हलकं दाबा, एकदा पाणी द्या आणि वर १० ते १५ सेंटिमीटर जाडीचं आच्छादन घाला. पेंढा, सुका पालापाचोळा, नारळाच्या झावळ्या, जे असेल ते. या आच्छादनामुळे माती तापत नाही, तण येत नाही आणि पहिल्या वळवाच्या पावसात माती वाहून जात नाही. मे महिन्यात आठवड्यातून एकदा ओंजळभर ओल राहील इतकंच पाणी. चिखल नको.

यानंतर महिना ते दीड महिना काहीही दिसत नाही. हा काळ बेण्याच्या विश्रांतीवर अवलंबून असतो. नुकत्याच काढलेल्या गड्ड्याला जास्त वेळ लागतो, कोंब फुगलेल्याला कमी. या दिवसांत उकरून बघू नका. वर यायच्या बेतात असलेला कोंब फार ठिसूळ असतो आणि खुरप्याच्या एका टोकाने मोडतो. मोडला की बाजूचा लहान डोळा फुटायला पुन्हा महिना जातो आणि तो हंगाम बारीक सुरणावर भागवावा लागतो.

पान आल्यावर

वर येतो तो हिरवा-पांढरा ठिपकेदार सोटा. त्याला खोड म्हणतात, पण ते खोड नव्हे, एकाच पानाचा देठ आहे. टोकाला तीन फांद्यांत फाटून जी छत्री उघडते, ते सगळं मिळून एक पान. या एका पानावर वर्षाची कमाई अवलंबून असते. क्वचित मागून दुसरं, कधी तिसरं पान येतं, पण पहिलं पान मोडलं तर गड्ड्याचं वजन हमखास घटतं. म्हणून वाऱ्याच्या जागी सोट्याला काठीचा आधार द्या. सुतळी सैल बांधा, काचली तर तिथेच कुजायला सुरुवात होते.

मातीखाली काय चाललंय ते समजून घेतलं की पुढची कामं आपोआप सुचतात. लावलेलं बेणं वाढत नाही. ते हळूहळू रिकामं होऊन सुकतं आणि त्याच्या डोक्यावर, देठाच्या बुडाशी, नवा गड्डा तयार होतो. म्हणजे नवा सुरण बेण्याच्या वर, जमिनीच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ पोसला जातो. वर माती कमी असेल तर तो उघडा पडतो, हिरवट होतो, उंदरांना सापडतो आणि आकारानेही खुरटतो. म्हणून मातीची भर दोनदा घालायची: पान पूर्ण उघडल्यावर एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा, दर वेळी १० सेंटिमीटर. गोणी निम्मी रिकामी ठेवली ती याचसाठी. भर घालताना कुदळ सोट्यापासून हातभर लांब ठेवा, कारण मुळं वरच्या थरात आडवी पसरलेली असतात.

खत याच दोन वेळांना द्यावं. सेंद्रिय पद्धतीने करणाऱ्यांनी दर भरीला एक किलो गांडूळखत आणि दोन मुठी राख घालावी. राखेतून पालाश मिळतो, आणि कंद पोसायला तोच सगळ्यात जास्त लागतो. रासायनिक खत देणाऱ्यांसाठी एका झाडाचं माप असं: लागवडीनंतर ४५ दिवसांनी युरिया ९ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट २५ ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश १० ग्रॅम. महिन्याने पुन्हा युरिया ९ आणि पोटॅश १० ग्रॅम. सोट्यापासून वीतभर लांब गोल चर काढून त्यात टाकायचं आणि मातीने झाकायचं. एवढ्याने पान फिकट वाटलं म्हणून आणखी युरिया देऊ नका. पान दिमाखदार होतं, गड्डा पाणचट होतो आणि साठवणीत टिकत नाही.

कधीकधी पानाऐवजी, मे-जूनच्या तोंडावर, जमिनीतून जांभळट-तपकिरी रंगाचं मोठं झालरदार फूल वर येतं आणि दोन दिवसांत सडक्या मांसासारखा वास सुटतो. झाडाला काही झालेलं नसतं. परागीभवनासाठी किड्यांना बोलावण्याची ती त्याची पद्धत आहे. चार-पाच दिवसांत फूल कोमेजतं. घराजवळ असेल तर धारदार सुरीने बुडाशी कापून कंपोस्टात टाका, म्हणजे साठा फळं पोसण्यात जाणार नाही. पान नंतर येतं.

काय बिघडतं

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बुंधा सडणं. जुलै-ऑगस्टमध्ये मातीला टेकलेल्या जागी देठावर तपकिरी डाग पडतो, तो भोवती फिरतो आणि एका सकाळी हिरवंगार पान आडवं झालेलं दिसतं. डागाजवळ पांढरी बुरशी आणि मोहरीच्या दाण्याएवढे गोळे दिसले, तर ती स्क्लेरोशियम बुरशी. कारणं नेहमीची: साचलेलं पाणी, कुदळीची जखम, देठाला चिकटून घातलेलं ओलं आच्छादन. डाग लहान असताना आच्छादन देठापासून वीतभर मागे सारा, पाण्याला वाट काढून द्या आणि बुडाशी ट्रायकोडर्मा मिसळलेली निंबोळी पेंड १०० ग्रॅम घाला. पान पडलंच, तर भोवतालची माती काढून टाका आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या खड्ड्यात सुरण लावू नका.

पानावर पिवळे-हिरवे पट्टे, पात्या अरुंद आणि चुरगळलेल्या, हा विषाणूचा मोझॅक. औषध नाही. असं एक-दोनच झाड असेल तर उपटून टाकलेलं बरं, कारण मावा तो शेजारी नेतो. निदान त्याचं बेणं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. सुरण हरवतो तो बहुतेक असा, एका वर्षी नाही तर दरवर्षी थोडा थोडा, रोगट बेण्यातून.

कोकणात आणि घाटमाथ्यावर रानडुकरं आणि साळिंदरं सुरण उकरतात. खाज त्यांना अडवत नाही. एकच उपाय चालतो: घराजवळ लावणं किंवा पक्कं कुंपण.

काढणी आणि साठवण

ऑक्टोबरच्या अखेरीस पान पिवळं पडू लागतं. पहिल्यांदा सुरण लावणारे इथे घाबरून पाणी घालतात. घालू नका. झाड मरत नसतं, पानातला साठा गड्ड्यात उतरत असतो. पान पूर्ण वाळून सोटा आपोआप गळून पडला की पंधरा दिवस थांबा. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत कधीही काढता येतो. निचऱ्याची जमीन असेल तर लागेल तेव्हा एकेक काढणं सगळ्यात उत्तम, कारण जमिनीइतकी चांगली कोठी दुसरी नाही. फक्त सोट्याच्या जागी खूण म्हणून काठी रोवून ठेवा. महिन्याभरात जागा ओळखू येत नाही.

काढताना खुणेपासून ४० सेंटिमीटर लांबून कुदळीने गोल चर घ्या आणि मग खालून पहारीने उचला. सरळ वरून घाव घातला की गड्डा दोन तुकडे होतो. जखमी गड्डे वेगळे काढून तेच आधी खा.

धुऊ नका. माती सुकली की हाताने झटका, मुळं खुडा आणि सावलीत हवेशीर जागी एका थरात मांडा. ढीग घातला तर मधले गड्डे घामेजून सडतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. पंधरा दिवसांनी एकदा सगळे हातात घेऊन तपासा, मऊ लागेल तो बाहेर काढा. पिठ्या ढेकणाची पांढरी पूड दिसली तर कोरड्या ब्रशने झाडून राख चोळा. काढल्यावर महिना-दीड महिना ठेवलेला सुरण ताज्यापेक्षा कमी खाजतो, असा अनुभव आहे. म्हणून ज्यांना घाई नाही, त्यांनी डिसेंबरचा सुरण संक्रांतीनंतर चिरावा.

बेण्यासाठी सगळ्यात निरोगी झाडाचा, साधारण किलोभराचा, कोंब शाबूत असलेला गड्डा आत्ताच बाजूला काढून त्यावर खूण करा. नाहीतर तो मार्चमध्ये भाजीत जातो.

खाज का येते, कशी जाते

सुरणाच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. चिरताना ते कातडीत आणि कच्चा राहिला तर जिभेत, घशात टोचतात. साध्या पाण्यात ते विरघळत नाहीत, म्हणून नुसतं धुण्याने काही साधत नाही. पुरेसा वेळ शिजवणं आणि आंबट, ही दोन्ही एकत्र लागतात.

चिरण्याआधी गड्डा कोरडा पुसून घ्या, हातही कोरडे ठेवा आणि मनगटापर्यंत खोबरेल तेल चोळा. हातमोजे असतील तर आणखी चांगलं. ओल्या हातांनी ओला सुरण चिरला की खाज हमखास. साल जाड काढा, अर्ध्या सेंटिमीटरला कंजुषी नको. हात खाजलेच तर पाण्याखाली धरण्याआधी चिंचेचा कोळ चोळा, पाच मिनिटांनी धुवा आणि तेल लावा. तो हात डोळ्याला लावू नका.

सोललेला सुरण ५०० ग्रॅम असेल, तर लिंबाएवढी चिंच एक लिटर पाण्यात कोळून, त्यात चमचाभर मीठ घालून फोडी अर्धा तास भिजत ठेवा. ते पाणी फेका. मग ताजं पाणी, पाच-सहा आमसुलं आणि चमचाभर मीठ घालून उकळा. सेंटिमीटरभर फोडींना दहा ते बारा मिनिटं लागतात. हेही पाणी फेकायचं, कारण पाण्यात उतरणारी ऑक्झलेटं त्यात गेलेली असतात. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी सुरण डॉक्टरांना विचारूनच खावा.

आंबट पाण्यात फोडी उशिरा मऊ होतात आणि आकार धरून राहतात. कापांना आणि रसभाजीला हे सोयीचं. कोफत्यांसाठी किंवा टिक्क्यांसाठी सुरण कुस्करायचा असेल, तर भिजवलेल्या फोडी कुकरमध्ये तीन शिट्ट्या करून घ्या आणि लिंबू कुस्करल्यावर पिळा.

मसाल्यात घालण्याआधी एक फोड निवू द्या, छोटा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. चुणचुण जाणवली तर नव्या आमसुलांच्या पाण्यात आणखी दहा मिनिटं उकळा. ही परीक्षा गजेंद्रलाही करा. नवा वाण, नवी माती, प्रत्येक वेळी खाज थोडी वेगळी असते. भाजी झाल्यावर लक्षात आलं तर आमसुलं वाढवून पुन्हा झाकण ठेवून शिजवा आणि सोबत ताक द्या. ओठ-जीभ सुजली किंवा श्वासाला त्रास झाला, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टर गाठा.

तीन पदार्थ

काप. सुरण खाणार नाही म्हणणाऱ्यांना आधी हेच द्या. ५०० ग्रॅम सुरणाच्या अर्धा सेंटिमीटर जाड चकत्या वर सांगितल्याप्रमाणे भिजवून आमसुलांच्या पाण्यात सहा-सात मिनिटं उकळा. सुरी टोचल्यावर आत जाईल पण चकती तुटणार नाही, इतपतच. फडक्यावर पसरून पुसून कोरड्या करा. दीड चमचा लाल तिखट, अर्धा चमचा हळद, चमचाभर आलं-लसणाची गोळी, मीठ आणि दोन मोठे चमचे चिंचेचा कोळ एकत्र करून चकत्यांना चोळा, वीस मिनिटं ठेवा. तीन मोठे चमचे तांदळाचं पीठ आणि तेवढाच बारीक रवा मिसळून त्यात घोळवा. लोखंडी तव्यावर चार-पाच चमचे तेल, मध्यम आच, एका बाजूला चार-पाच मिनिटं. चकती ओली राहिली तर रवा तव्यावरच सुटतो. सारखी उलटीपालटी केली तरी सुटतो. एकदाच उलटा.

उपवासाची भाजी. फोडी उकळताना हळद घालू नका. कढईत दोन मोठे चमचे तूप, चमचाभर जिरं, तीन हिरव्या मिरच्यांचे तुकडे. उकळून निथळलेल्या ५०० ग्रॅम फोडी घालून मंद आचेवर कडा लालसर होईपर्यंत परता, दहा मिनिटं तरी. नंतर सैंधव, अर्धा चमचा साखर, तीन मोठे चमचे दाण्याचं कूट आणि मूठभर ओलं खोबरं. कूट आधी घातलं तर ते करपतं आणि फोडी परतल्या जात नाहीत.

काळ्या वाटाण्याची रसभाजी. पाऊण वाटी काळे वाटाणे रात्रभर भिजवून मऊ शिजवा. एक वाटी ओलं खोबरं, पाच सुक्या मिरच्या, मोठा चमचा धणे आणि छोटा कांदा तेलावर भाजून बारीक वाटा. वाटाणे, आधीच उकळून निथळलेला पाव किलो सुरण, वाटण, हळद, मीठ एकत्र करून रस हवा तेवढा पातळ करा. सहा तिरफळं बिया काढून, किंचित ठेचून टाका आणि चार आमसुलं घाला. दहा मिनिटं मंद उकळी. तिरफळं वाटू नका, कडवट होतं. खाताना ती बाजूला काढायची. गोव्याच्या खतखत्यातही सुरण आणि तिरफळाची हीच जोडी असते, आणि ही भाजी तांदळाच्या भाकरीबरोबर दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते.

ऋषिपंचमीच्या भाजीला सुरण लागतो, पण भाद्रपदात तुमचा गड्डा अजून पोसत असतो. त्या दिवशी तो काढला तर पोसायचे शेवटचे महिने बुडतात. त्यासाठी मागच्या हंगामातला एखादा गड्डा जपून ठेवा किंवा बाजारातून पावशेर आणा.